उत्तरेकडचा तपकिरी पट्टा

सागर केंद्रातल्या लोकांनी तिला बुडीताई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकुनाने खरं नाव पुकारलं तर ती स्वतःच मागे वळून बघायची, ही कोण बाई म्हणून. बुड्या मारणं हाच तिचा धंदा. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, हातात मोजपट्टी. किनाऱ्यासमोर प्रवाळाचा लांबलचक बांध आहे, त्यावर ती उतरायची, मोजपट्टी अंथरायची आणि पट्टीखाली काय काय येतं ते टिपून वर यायची. जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू. एवढंच. पण एवढंच बरोबर ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तिचा झाला होता.

केंद्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ती सांगायची, ‘‘प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. इवलेइवले जीव असतात, आपल्यापुरतं चुन्याचं घर बांधून राहणारे. त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळाचे भाडेकरू असतात. भाडेकरू अन्न शिजवतात, रंग देतात. पाणी फार तापलं की भाडेकरू निघून जातात आणि घर पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलं नव्हे, उपाशी आहे. वेळेत पाणी गार झालं तर भाडेकरू परत येतात.’’ पाहुणे हसायचे, पण विसरायचे नाहीत.

नाक चोंदलेलं असताना पाण्यात उतरू नका, हे ती नव्या माणसांना घसा फोडून सांगायची. आणि एका सकाळी स्वतःच उतरली. समुद्र तेलासारखा शांत होता, बोट तयार होती, असा दिवस हातचा घालवायचं तिच्या जिवावर आलं. खाली जाताना डाव्या कानात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं आणि सगळा समुद्र तिच्याभोवती गरगर फिरायला लागला. वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. आपल्याच तोंडातून निघालेले बुडबुडे कुठे जातात ते बघत बघत, जोडीदाराचा हात धरून ती कशीबशी वर आली आणि बोटीच्या फळीवर पडून राहिली.

कानाच्या डॉक्टरांनी बरेच दिवस उपचार केले. शेवटी म्हणाले, ‘‘पोहा, डुंबा, पाण्यावर तरंगा, माझी काही हरकत नाही. पण खाली जायचं नाही. परत असं झालं तर कान जाईल, आणि चालतानाचा तोलही जाईल.’’

त्यातलं तिने फक्त ‘खाली जायचं नाही’ तेवढंच ऐकलं. घरी येऊन रबरी पोशाख, पायातली पाती, पाण्यातला चष्मा, श्वासाची नळी, सगळं गोणीत कोंबलं आणि माळ्यावर फेकून दिलं. शिशाची वजनं तेवढी खाली राहिली, कारण नवऱ्याला ती दार अडवायला बरी वाटली. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. घराचा पुढचा खोलीभर भाग म्हणजे त्याचं दुकान. तिथे नेहमी दोनचार उघडे फ्रीज पोट फाडून उभे असायचे. माणूस अबोल. बायकोला काय झालंय हे त्याला दिसत होतं, पण बोलून काही दुरुस्त होतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

सासूबाईंचा मात्र बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. सूनबाई समुद्राकडे बघायलाही तयार नाही, बाजारातून येताना किनाऱ्याचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने वळसा घालून येते, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पाण्याशी भांडलीस ते भांडलीस, आंघोळ तरी करशील ना गं?’’

केंद्राने तिला घरी पाठवलं नाही. प्रवाळ विभागाच्या प्रमुख म्हणजे मॅडम. वयाने तिच्याहून लहान, पण दोघींनी कित्येकदा एकाच बोटीवर उन्हात बसून एकाच डब्यातलं खाल्लेलं. मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि इंजिनियरच्या खोलीत नेलं.

इंजिनियर हा गोल चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. त्याची एकच अडचण होती. त्याला बोट लागायची. नुसती लागायची नाही. धक्क्यावर उभं राहून लाटा बघितल्या तरी त्याचा चेहरा हिरवा पडायचा. ‘‘मला जाता येत नाही म्हणून तर मी माणसाशिवाय जाणारी होडी केली,’’ तो अगदी सरळपणे म्हणाला.

होडी खोलीच्या मधोमध दोन बाकांवर ठेवलेली होती. पिवळी. दोन लांबट तरंगे, त्यांच्यावर सपाट आडवं घातलेलं सौर पत्र्याचं छप्पर, आणि पोटाखाली कॅमेरा. ना बसायला जागा, ना सुकाणू. जायचा मार्ग तिला आधी सांगून ठेवला की ती आपली आपण बांधावरून वरखाली फिरायची, नांगर नांगरतात तशी, आणि खालचे फोटो काढत संध्याकाळी परत यायची. वरून एक ड्रोन उडायचा, तो आख्ख्या बांधाचं एकच मोठं चित्र द्यायचा. एवढे फोटो बघायला माणसं कुठून आणणार? म्हणून ते एका यंत्रबुद्धीला दाखवायचे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर ती सांगणार: जिवंत, मेलेलं, शेवाळ, वाळू.

‘‘पण तिला आधी कुणीतरी शिकवायला हवं,’’ इंजिनियर म्हणाला. ‘‘लहान पोराला दाखवतो ना, ही गाय, ही म्हैस, तसं. तुमच्याइतका त्या बांधावर कुणाचा डोळा बसलेला नाही.’’

‘‘म्हणजे मी हिला माझं काम शिकवायचं,’’ बुडीताई होडीकडे बघत म्हणाली. ‘‘म्हणजे मग माझी गरज नाही.’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘तुम्ही एका दिवसात एक मोजपट्टी लांब बघायचात. ही सगळा बांध बघते. पण बघणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. बसा तरी. नाही जमलं तर नाही म्हणा.’’

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. ‘‘थांब, मला नीट कळू दे. तुझ्या जागी ती जाणार. आणि तू इथे बसून तिचे फोटो बघणार. अगं, ही तर सवत झाली!’’

दुकानातून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. फारा दिवसांनी तीही हसली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने हे केंद्रात सांगितलं आणि तेव्हापासून पिवळ्या होडीचं नाव सवत पडलं ते पडलंच. इंजिनियर सुरुवातीला जरा खट्टू झाला, कारण त्याने तिला एक लांबलचक नाव दिलं होतं. ते कुणालाच आठवत नसे.

तर बुडीताई कामाला बसली. एक टेबल, एक मोठी स्क्रीन, पाठीला टोचणारी खुर्ची आणि खिडकीला ओढलेला पडदा. पडदा तिने ओढलेला. खिडकीतून समुद्र दिसायचा. फोटो समोर यायचा, त्यावर ठिपके यायचे, यंत्र आपलं उत्तर सांगायचं, आणि तिने बरोबर किंवा चूक म्हणायचं. सुरुवातीला यंत्र वाट्टेल ते बोलायचं. होडीच्याच सावलीला मेलेलं प्रवाळ म्हणायचं, एकदा तर कासवाच्या पाठीला जिवंत प्रवाळ म्हणालं. ती ओरडायची, ‘‘अहो इंजिनियर, हिला चष्मा लावा!’’ पण हळूहळू यंत्र सुधारलं. तिने शिकवलेला भेद एखाद्या नव्याच फोटोत त्याला ओळखता आला की तिला आत कुठेतरी बरं वाटायचं, आणि आपल्याला बरं वाटलं याचाच रागही यायचा.

मग तो उन्हाळा आला. पाणी तापलं आणि तापलेलंच राहिलं. सवत रोज जायची आणि रोज आदल्या दिवसाहून फिकट फोटो घेऊन यायची. ज्या दगडी कोपऱ्यावर बुडीताईने पहिली बुडी मारली होती, तिथलं टेबलाएवढं प्रवाळ ती ओळखीच्या झाडाच्या फांदीसारखं ओळखायची. आधी ते पिवळट झालं, मग हस्तिदंती, मग पांढरंफटक. पडद्याआड अंधाऱ्या खोलीत बसून ती एकेका ठिपक्यावर ‘पांढरं पडलेलं’ अशी खूण करत गेली. आधीसारखी पाण्यात असती तर निदान जवळ गेली असती, हात न लावता घटकाभर तरंगली असती. इथे बसून तिला वाटायचं की आपण आजारी माणसाचे नुसते रिपोर्ट वाचत बसलोय.

एक दिवस पाणी गार व्हायला लागलं. आता काय वाचलं आणि काय गेलं ते कळायचं होतं.

नेमकं त्याच वेळी बंदर कार्यालयाचं पत्र आलं. मालाच्या छोट्या बोटींना नांगर टाकायला नवीन जागा हवी होती आणि बांधाचा उत्तरेकडचा भाग त्यांच्या मनात भरला होता. तो भाग मेलेलाच आहे ना, मग हरकत काय? केंद्राने आपला अहवाल द्यावा, म्हणजे काम सुरू करता येईल.

तो भाग मेलेला होता हे बुडीताईला कुणी सांगायला नको होतं. कित्येक वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं तेव्हा उत्तरेकडचं सगळं प्रवाळ मोडून त्याचा चुरा झाला होता, आणि मोजपट्टी घेऊन तिथे उतरलेली बाई तीच. खाली नुसती हाडांसारखी पांढरी तुकड्यांची रास. त्या दिवशी ती वर आली ती रडतच. नंतर तिथे जायचं कुणालाच कारण पडलं नाही. तिकडे लाटाही जोराच्या आणि बोट लावायला जागा नाही.

आता सवत तिकडे गेली. लाटांमुळे फार आत शिरता आलं नाही, फोटो धूसर आले. ड्रोनच्या चित्रात तिथे एक लांब तपकिरी पट्टा दिसत होता. आणि यंत्र त्या पट्ट्यातल्या ठिपक्यांवर म्हणत होतं: जिवंत. जिवंत. जिवंत.

‘‘हिचं डोकं फिरलंय,’’ बुडीताई म्हणाली आणि तिने खुणा बदलल्या. शेवाळ. शेवाळ. चुऱ्यावर चढलेलं तपकिरी शेवाळ, कडेने फिकट. तिने असं शेकडो ठिकाणी पाहिलं होतं. यंत्र पुढच्या फोटोतही हटून बसलं, तीही हटून बसली. दिवसभर दोघींचा हाच संसार चालला होता. संध्याकाळपर्यंत यंत्राने तिचं ऐकायला सुरुवात केली तेव्हा तिने खुर्चीत पाठ टेकली आणि एखादं भांडण जिंकल्यासारखा सुस्कारा सोडला.

पुढच्या आठवड्यात मॅडम घाईघाईने खोलीत आल्या. चेहरा उतरलेला.

‘‘दक्षिणेकडचं काय झालं हो? परवापर्यंत तिथलं प्रवाळ सावरत होतं. आजच्या आकड्यांत निम्म्याहून जास्त शेवाळ दाखवतंय. इतक्यात एवढं मरतं कसं?’’

बुडीताईने दक्षिणेचे फोटो उघडले. काहीही मेलं नव्हतं. तिच्या ओळखीची शिंगांसारख्या फांद्यांची प्रवाळं होती तिथेच उभी होती, रंग परत धरत होती. आणि यंत्र त्यांच्यावर म्हणत होतं: शेवाळ.

इंजिनियर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने बराच वेळ दोन्हीकडचे फोटो शेजारीशेजारी लावून बघितले. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, ‘‘ताई, रागावू नका. त्याने हे तुमच्याकडूनच घेतलंय. उत्तरेला तुम्ही त्याला शिकवलंत की तपकिरी आणि टोकाला फिकट म्हणजे शेवाळ. ते आता सगळीकडे तेच लावतंय.’’

‘‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’’

‘‘एवढंच की त्याच्या नजरेला उत्तरेकडचं आणि दक्षिणेकडचं एकसारखं दिसतंय. दक्षिणेचं जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे. मग...’’ त्याने वाक्य तिथेच सोडलं.

‘‘मी तिथे उतरलेय,’’ बुडीताईचा आवाज चढला. ‘‘माझ्या या हातांनी पट्टी टाकलीय तिथे. तुम्ही साधे धक्क्यावर उभे राहत नाही आणि मला सांगता तिथे काय आहे?’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘भांडू नका. यंत्र चुकत असेल, तुम्ही चुकत असाल, मीही चुकत असेन. फोटो धूसर आहेत. कुणीतरी जाऊन बघायला हवं. अहवाल द्यायच्या आत. भरतीला तिथे पाणी दोन पुरुष खोल असतं पण नितळ, खाली जायची गरजच नाही. वरून तरंगत बघता येईल.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘मी जाणार आहे. तुम्ही याल?’’

‘‘नाही,’’ बुडीताई म्हणाली, आणि पिशवी उचलून घरी गेली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगून टाकलं. नवरा ताटात बघत ऐकत होता. सासूबाई मधे एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते त्या घरात इतकं विरळ होतं की ती सांगता सांगता थांबली.

‘‘काय झालं, आई?’’

‘‘काही नाही. एक विचारू? तिथे सगळं जिवंत निघालं, तर तुला वाईट वाटेल का गं?’’

‘‘काहीतरीच काय! वाईट कशाला वाटेल?’’

‘‘नाही, तू इतक्या रागाने सांगत होतीस ते मेलंय म्हणून, म्हणून विचारलं,’’ सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला उचलला.

बुडीताईने घास ताटात ठेवला. त्या वादळानंतर ती रडत वर आली होती ते तिला आठवलं. तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं की हे पुन्हा उभं राहील, तर तिने त्याचे पाय धरले असते. आणि आज एक यंत्र तेच सांगत होतं तर ती त्याचं तोंड दाबून धरत होती, कारण तिच्याऐवजी ते जाऊन बघून आलं होतं. जेवण झाल्यावर तिने माळ्याला शिडी लावली. नवरा मुकाट्याने शिडी धरून उभा राहिला. गोणीतून धूळ, एक मेलेली पाल आणि तिचा चष्मा निघाला. चष्म्याचं रबर वाळून तडकलं होतं. नवरा तो दुकानात घेऊन गेला आणि फ्रीजच्या दाराच्या रबरातून एक पट्टा कापून त्याने तो बसवून दिला.

सकाळी धक्क्यावर तिला बघून मॅडम हसल्या. पण खरं आश्चर्य पुढे होतं. बोटीत इंजिनियर आधीच बसला होता. गळ्यात फुगीर जाकीट, एका हातात गोळ्यांची पाकिटं, मांडीवर बादली.

‘‘अहो, तुम्ही?’’

‘‘धक्क्यावर उभं राहत नाही म्हणालात ना,’’ तो म्हणाला. बोट अजून दोराने बांधलेली होती आणि त्याचा चेहरा हिरवा व्हायला सुरुवात झाली होती. ‘‘चला लवकर, मी मरायच्या आत.’’

बोटवाल्याने लाटांच्या बाहेर अलगद बोट थोपवली. बुडीताई काठावर बसली, पाय पाण्यात सोडले. तिने चष्मा लावला, नळी दातांत धरली आणि स्वतःला सोडून दिलं.

पाणी अंगाला भिडलं. ती वाट बघत राहिली, आता कान दुखेल, आता जग फिरेल. काही झालं नाही. नळीतून स्वतःचाच श्वास ऐकू येत होता, जुन्या ओळखीचा. मॅडम पुढे होत्या, ती त्यांच्या मागे पाय मारत निघाली.

आधी वाळू आली. मग चुरा. हाडांच्या राशीसारखा पांढरा करडा चुरा, होता तसाच. झालं, आपलंच खरं, तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की खरं ठरल्याचा आपल्याला जराही आनंद झालेला नाही. आता इथे नांगर पडणार.

मग चुऱ्यावर काहीतरी तपकिरी दिसलं. ती जवळ गेली. मुठीएवढा झुबका होता. शेवाळ लाटेबरोबर हलतं. हा हलत नव्हता. त्याला बोटांसारख्या आखूड फांद्या होत्या, आणि प्रत्येक फांदीचं टोक फिकट, जवळजवळ पांढरं. वाढतं टोक. प्रवाळाची फांदी वाढत असते तेव्हा तिचं टोक नवं असतं, तिथे अजून भाडेकरू आलेले नसतात, म्हणून ते फिकट दिसतं. हे तिने किती माणसांना शिकवलं होतं! धूसर फोटोत तिला ते शेवाळाची कड वाटलं होतं.

त्याच्या पलीकडे दुसरा झुबका. मग ताटाएवढा एक. मग इतके की मधे चुरा दिसेना. तुटलेल्या तुकड्यांना एकमेकांत सांधून नव्या फांद्या वर आल्या होत्या, जुनी हाडं आता त्यांच्या पायाला होती. काहींवर उन्हाळ्याचे पांढरे चट्टे अजून होते, पण चट्ट्यांच्या कडा भरत आल्या होत्या. निळे, नखाएवढे मासे फांद्यांतून बाहेर येत होते आणि तिची सावली पडली की सगळे एकदम आत जात होते. इथलं पाणी थंडगार लागत होतं. बाहेरच्या खोल समुद्राचा प्रवाह तिथूनच आत शिरत होता, त्यानेच हा भाग उन्हाळ्यात वाचवला असणार.

तिच्या नकळत तिचं शरीर कमरेत वाकलं, पाय वर आले. खाली जायची सवय. तिने स्वतःला थांबवलं. पुन्हा आडवी झाली, हात पसरले आणि नुसती तरंगत राहिली. वरूनही दिसत होतं. सगळं दिसत होतं. ती नळीतच मोठ्याने हसली आणि तोंडात खारं पाणी गेलं, तशी ठसकत वर आली.

‘‘मॅडम!’’ ती खोकत ओरडली. ‘‘माझं चुकलं! साफ चुकलं!’’

मॅडमनी पाण्यातून डोकं वर काढलं. चष्म्याच्या आत त्यांचे डोळे भरलेले होते, की पाणी शिरलं होतं, कोण जाणे.

बुडीताईने बोटीकडे वळून दोन्ही हात हलवले. ‘‘इंजिनियर! अहो, सवत बरोबर होती! सगळं जिवंत आहे!’’

इंजिनियरने बादलीतून तोंड वर काढलं, एक हात विजयी माणसासारखा उंच केला, आणि पुन्हा तोंड बादलीत घातलं.

त्यानंतरचे दिवस तिने आपल्याच खुणा पुसण्यात घालवले. खिडकीचा पडदा आता उघडा असायचा. एकेक फोटो पुन्हा समोर घेऊन, ‘हे मी चुकवलं, हेही मीच’ असं पुटपुटत ती दुरुस्त करत होती. मधेच तिने इंजिनियरला हाक मारली. ‘‘अहो, मला इथे अजून एक उत्तर पाहिजे. ‘नक्की नाही’ असं. आणि हिलाही ते म्हणता यायला पाहिजे. दोघी सारख्याच हट्टी, म्हणून तर घोळ झाला.’’ इंजिनियरने तसं करून दिलं. तेव्हापासून यंत्राला जिथे खात्री नसते तिथे ते तसं कबूल करतं, आणि अशा जागांची पाहणी करायला बुडीताई भरतीच्या वेळी बोटीतून जाते, तरंगत बघून येते. सवतीने वाट दाखवायची आणि हिने खातरजमा करायची, असं त्यांचं जमून गेलंय.

अहवालाच्या बैठकीला बंदर कार्यालयाचे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना घाई होती. त्यांनी जुना कागद पुढे सरकवला. ‘‘तुमच्याच केंद्राच्या पाहणीत हा भाग मेलेला म्हणून लिहिलंय. आता अचानक जिवंत कसा झाला?’’

मॅडम उत्तर देणार तेवढ्यात बुडीताई म्हणाली, ‘‘साहेब, ती पाहणी माझीच. तेव्हा तो मेलेलाच होता. अचानक नाही झाला जिवंत, इतकी वर्षं होतच होता. आमच्यापैकी कुणी बघायला गेलं नाही, एवढंच.’’

साहेबांनी नवे फोटो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितले. नंतर आणखी दोन बैठका झाल्या, थोडी कुरकुर झाली, पण नांगराची जागा शेवटी पश्चिमेच्या वाळूवर ठरली. बोटींना जरा लांब पडतं. उत्तरेच्या पट्ट्याभोवती तरंगते पिवळे गोळे बांधून टाकले, म्हणजे कुणी चुकूनही तिथे नांगर सोडू नये.

सगळंच वाचलं असं नाही. दगडी कोपऱ्यावरचं ते टेबलाएवढं प्रवाळ गेलं. बुडीताईने त्याच्यावर ‘मेलेलं’ अशी खूण केली त्या दिवशी ती जेवली नाही. पण दक्षिणेचं बरंचसं परतलं, आणि उत्तरेचे झुबके दर फोटोला थोडे मोठे दिसतात.

एका सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याला तिकडे नेलं. त्याला पोहता येत नाही. त्याला चष्मा आणि नळी लावून, ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर पालथं घालून ती दोराने ओढत घेऊन गेली. बोटवाला हसून हसून बेजार झाला. नवरा आधी ट्यूब इतकी घट्ट धरून होता की ती फुटेल असं वाटत होतं. मग हळूहळू त्याचे हात सैल पडले. डोकं पाण्यात, तो खाली बघत राहिला. बराच वेळ. मधेच तो नळीतूनच काहीतरी बोलायला लागला, लांबच्या लांब, भोंग्यासारख्या आवाजात. आयुष्यात कधी एका दमात इतकं बोलला नव्हता.

‘‘काय? काय म्हणता?’’ तिने त्याचा खांदा हलवला. ‘‘वर या आणि बोला.’’

त्याने डोकं वर न काढताच तिचा हात बाजूला केला आणि बोटाने खाली दाखवलं. त्याला वर यायचंच नव्हतं. तिने दोर मनगटाला गुंडाळला, आपला चष्मा नीट केला आणि त्याच्या शेजारी आडवी होऊन तीही बघत राहिली.